भुकेचा नवस

बायकोवर प्रेम खरं असेल तर तिच्यासाठी काहीतरी सोसलंच पाहिजे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिच्या पोटातली गाठ काढायची होती आणि ऑपरेशन नेमकं नवरात्रात आलं. आमच्या घरात उपवास फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. मी मात्र अंबाबाईला बोललो, नऊ दिवस नुसत्या पाण्यावर आणि अनवाणी राहीन, पण हिला सुखरूप ठेव. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोघांचा रक्तगट एकच आणि दुर्मिळ, लागलंच तर तुमचं घेऊ. तरी मी हेका सोडला नाही. सहाव्या दिवशी ऑपरेशनला आत जाताना ती म्हणाली, "कायतरी खावा की. तुमी उपाशी ऱ्हाऊन मला काय बरं वाटणार हाय?" मला तिचा रागच आला. इतकं करतोय, त्याचं काहीच नाही!

तासाभरात सिस्टर धावत बाहेर आल्या. रक्तस्राव थांबत नव्हता आणि आणून ठेवलेली रक्ताची बाटली संपत आली होती. मी बाही सरसावून उठलो आणि तिथंच कोसळलो. डोळे उघडले तेव्हा त्या चिडून म्हणत होत्या, "उभं राहायची ताकद नाही, तुमचं रक्त कसं घेऊ?" आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. द्यायचं होतं रक्त, आणि मी देवीला भूक देत बसलो होतो. आत तिचा जीव टांगणीला लागलेला. मी हात जोडले. या वेळी नवस नाही, अट नाही. आई, माझ्याच्यानं होत नाही, तूच बघ, एवढंच म्हणालो.

समोरच्या बाकावर शिवाजी पेठेतल्या तालमीतला एक पैलवान बसला होता, दोस्ताचा मोडलेला हात बघायला आलेला. सिस्टरांच्या तोंडून गटाचं नाव ऐकून तो उठला. "पावणं, माझा बी त्योच गट हाय. तालमीच्या रक्तदान शिबिरात तपासलाय." मग माझ्या अनवाणी पायांकडं बघून जरा घुटमळला. "पर आमच्यात नवरात्र नसतंय. आत्ताच मटण खाऊन आलोय. चालंल न्हवं?"

मी त्याचे पायच धरले. "आवो, ह्ये काय करताय!" म्हणत तो सिस्टरांच्या मागं गेला.

संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि आधी विचारलं, "जेवलासा काय?" मी ढसाढसा रडलो आणि तिच्यासमोर बसून केळं खाल्लं.

प्रेमात त्याग लागतो, पण काय द्यायचं हे आपण ठरवायचं नसतं. मला सोडायचा होता तो माझा हेका. आता नवरात्रात मी पोटभर जेवून रक्त द्यायला जातो. वाढताना ती म्हणते, "आणि एक भाकरी घ्या की. देवीचं काम हाय."