यंदाच्या संघात विल्किन
आमच्या गल्लीत ओनेलियाबद्दल कोणी चांगलं बोलत नाही. तुसडी आहे, पोराच्या जिवावर खाते आणि त्याचा खेळ बघायला कधी फिरकत नाही, असं म्हणतात. मी तिची शेजारीण, कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान माझं. मी तिची बाजू घेते म्हणून माझी दोन गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

तिला दोन मुलगे. थोरला राधामेस, धाकटा विल्किन. विल्किन सहा वर्षांचा असताना तापाने गेला. एवढंसं लेकरू गेलं की ते देवदूत झालं असं आम्ही धरतो. त्याच्यासाठी रडायचं नाही, आईच्या आसवांनी त्याचे पंख भिजतात. लोक ढोल वाजवतात, गातात, रम पितात. ओनेलिया ओठ दातांखाली धरून बसली होती, आणि बाया तिला दटावत होत्या, "खबरदार रडलीस तर! पोर वर पोचायचं नाही." मोठं माणूस गेलं की नऊ दिवस प्रार्थना असते, काळे कपडे असतात, हंबरडा फोडता येतो. लेकराच्या वाट्याला यातलं काही नाही. त्याला पुरलं आणि सगळे घरी गेले. कचेरीत जाऊन मेल्याची नोंद करायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्यात जातं तरी कोण?

राधामेस बेसबॉलमध्ये कॅचर होता, फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. उसाच्या फडातून सुटायची आमच्या पोरांना तेवढी एकच वाट. त्याला तयार करणारा चेपे एक दिवस ओनेलियाच्या दारात आला, आणि थोरामोठ्या बाईला म्हणतात तसं दोन्या म्हणत बोलायला लागला.

"दोन्या ओनेलिया, पोराचा हात सोन्याचा आहे. पण एकोणीस वर्षांचं पोर म्हणजे अमेरिकन लोकांच्या लेखी म्हातारा घोडा. त्यांना सोळाचं लागतं. तुमच्या घरात सोळाचं एक आहे ना?"

"तो मातीत आहे."

"कागदावर नाही."

झालं. थोरला धाकट्याच्या नावावर खेळायला लागला. चौकशीला अमेरिकन संघाची माणसं काळे चष्मे लावून आली, तेव्हा अख्ख्या गल्लीने एका सुरात सांगितलं, हा विल्किनच, आमच्या डोळ्यांसमोर जन्मला. बेवड्या मोनने तर आईची शपथ घेतली. एरवी नळावरून डोकी फोडणारे लोक खोटं बोलायला कसे एकजुटीने उभे राहिले, ते बघायला हवं होतं. करार झाला, चेपेला त्या पैशातला त्याचा वाटा मिळाला. त्यानंतर तो या गल्लीत दिसला नाही.

अमेरिकेत राधामेस वरच्या संघापर्यंत चढलाच नाही. गुडघे घेऊन गेला, गुडघे देऊन परत आला. मग आमच्या हिवाळी स्पर्धेतल्या संघात राखीव कॅचर म्हणून राहिला, वर्षानुवर्षं. मैदानात विल्किन, गल्लीत विल्किन, बायकोच्या तोंडीही विल्किनच.

दर सप्टेंबरात, हंगामाच्या आधी, रेडिओवरचा फाउस्तो संघाचा हिशेब मांडतो. कोण फॉर्मात आहे, कोणाचा खांदा दुखतोय, कोणावर भरवसा ठेवावा, एकेका खेळाडूचं नाव घेऊन. तेवढ्या दिवशी ओनेलिया माझ्या दुकानात यायची. पावशेर कॉफी मागायची आणि विल्किनचं नाव येईपर्यंत हलायची नाही. मी एकदा विचारलं, "काय गं, घरी रेडिओ आहे ना?"

"आहे. पण एकटीने ऐकलं तर खोटं वाटतं. इथे चार माणसं ऐकतात. तो बाबा सांगतो, विल्किन आहे, यंदाही खेळणार. त्यातलं मला एवढंच कळतं."

यंदाही ती आली. बाहेर मोन आणि मंडळी डॉमिनो आपटत होती. फाउस्तो कॅचरांवर आला. आधी कुठल्याशा तरण्या पोराचं तोंड भरून कौतुक केलं. मग म्हणाला, "आणि आपला विल्किन! सदतीस पूर्ण, गुडघ्यांत वंगण नाही. व्यवस्थापनाने त्याला मोकळं केलंय. मंडळी, विल्किन संपला. देव त्याचं भलं करो. चला, आता गोलंदाजीकडे वळू."

"बसले म्हातारबा घरी!" मोन ओरडला. "दोन्या, आता त्याला भांडी घासायला लावा!"

ओनेलियाने मला हळूच विचारलं, "आता परत नाव घेणार नाहीत?"

"नाही गं बाई."

कॉफी तशीच टाकून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर काळं कापड होतं. आत मेज मांडलेलं, मेणबत्त्या, पांढरी फुलं. प्रार्थना सांगणारी बाई बोलावलेली. राधामेस मैदानावरून आपलं सामान घेऊन आला आणि दारातच थबकला.

"आई, हे काय मांडलंयस? मी मेलोय का?"

"तू कशाला मरशील? ये, भावाजवळ बस."

"अगं, लोक हसतायत! माझी नोकरी गेलीय, आणि तू..."

"हसू देत. तेव्हा मला रडू दिलं नाही. देवदूत होता म्हणे. आता सदतीस वर्षांचा बाप्या गेलाय माझा. आता कोणाची टाप आहे मला रडू नको म्हणायची?"

आणि तिने असा टाहो फोडला की डॉमिनोची सोंगटी धरलेला मोनचा हात तसाच वर राहिला. ज्या बायांनी तेव्हा दटावलं होतं, त्यांतल्या दोघी अजून जिवंत आहेत. त्या मान खाली घालून आल्या आणि बसल्या. मला त्यांची दया आली नाही.

नऊ दिवस प्रार्थना झाली. राधामेस रोज भिंतीला टेकून बसायचा. येणारा प्रत्येक जण त्याचा हात हातात घेऊन भाऊ गेल्याबद्दल सांत्वन करायचा, आणि तोही मान हलवायचा. दुसरं करणार काय?

नवव्या दिवशी मेज उचललं, मेणबत्त्या विझवल्या. ओनेलियाचा चेहरा सुजला होता, पण इतकी स्वस्थ मी तिला कधी पाहिली नव्हती. अंगणात कॉफी फिरत होती. स्वयंपाकघराच्या दारातून तिने चांगल्या मोठ्या आवाजात हाक मारली, "राधामेस! ये बाळा, कॉफी घे."

तो समोरच बसला होता. जागचा हलला नाही.

"राधामेस!"

कोणाला हाक मारताहेत ते बघायला त्याने मागे वळून पाहिलं.