दुनळी वापरली का?

हीथ्रोला उतरलो तेव्हा मान आखडली होती, आणि काम संपेपर्यंत ती मोकळी झाली नाही. लंडनच्या एका विद्यापीठाला मोजायचं होतं : साधी माणसं स्वसंरक्षणासाठी बंदूक किती वेळा वापरतात? इथे घरात बंदूक असलेला माणूस सापडायला मारामार, म्हणून लंडनला आलेल्या, पण मायदेशी बंदुकीचा परवाना असलेल्यांना विचारायचं ठरलं. मी पुण्यात जन्मभर अशा पाहण्या केलेल्या. मराठी घरं माझ्या गळ्यात आली.

पहिला मुक्काम इल्फर्ड. साड्यांच्या दुकानाच्या वर राहणारे एक निवृत्त गृहस्थ. म्हणाले, "वापरायचो की! कायम." मी खूश. दोन कप चहानंतर उलगडलं, 'वापरायचो' म्हणजे नुसती बाळगायचे. बंदूक जन्मभर कपाटात लटकलेली. विद्यापीठात ही पाहणी बघणाऱ्या बाईंना फोनवर हा घोळ सांगितला, तर त्यांचं एकच, हो की नाही तेवढं कळवा.

हॅरोला जाताना मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी सिग्नलपायी अडकली. यादीतले पुढचे मोहितेकाका, त्यांच्या मुलाच्या घरी पोहोचेपर्यंत काकूंची थालीपिठं गार झाली होती. काका साताऱ्याकडचे. तिकडे असताना एका दुपारी कुंपणावरून कोणी आत आला, काकांनी दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) काढली, तो पळाला.

"झाडली नाही. पण वापरली, असं लिहा."

"चोर होता कशावरून?" काकू म्हणाल्या.

"मग पळाला कशाला?"

"अहो, तुमच्या हातात बंदूक होती."

काका माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले. चोर नसता तर पळाला असता का?"

इतक्या दिवसांचा वैताग होता की काय, कोण जाणे. "मी पळालो होतो," मी म्हणालो.

मग सगळंच सांगितलं. कॉलेजात होतो. गावातल्याच एका मुलीला भेटायला भरदुपारी तिच्या परसात शिरलो. तिच्या वडिलांनी बंदूक रोखली, मी भिंतीवरून उडी टाकली. गावभर झालं, बंदुकीमुळे चोर पळाला. मागच्या दाराची कडी उघडी ठेवली म्हणून त्यांचा गडी सदोबा कामावरून गेला. कडी तिने काढली होती, माझ्यासाठी. मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही; बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

काकूंनी माझं पान उचललं, नवीन गरम थालीपीठ वाढलं. काका हळूच काकूंना म्हणाले, "लिंबं मागायला आला असेल का गं कोणी?" आणि मला, "माहीत नाही, असं लिहा."

विद्यापीठातल्या बाईंना कळवलं, तर म्हणाल्या, असं उत्तर चालत नाही. मी चिडून म्हटलं, जो पळाला त्याला कोणी विचारलंय का? त्या फोनवर नुसत्या "राइट" म्हणाल्या. त्याचा अर्थ तिकडे काहीही होतो.

परतीच्या विमानात एकच मनात येत राहिलं. त्या मुलीच्या घरी आज कोणी 'बंदूक वापरली का' विचारायला गेलं, तर माझ्यामुळे ठसठशीत 'हो' मिळेल.

मुंबईला उतरलो. घरी कळवलं, उशीर होईल. पुण्याची गाडी सोडून गावाची एसटी धरली. सदोबा असला तर कडी कोणी काढली होती, ते त्याला सांगायचंय. नसला तर त्याच्या घरच्यांना.