अर्ध्या चेहऱ्याची नटी

मी मूकपटांत काम करते असं सांगितलं की लोक माझ्याकडे निरखून बघतात आणि मनातल्या मनात वयाचा हिशेब लावतात. मी तेवढी म्हातारी नाही. कोलकात्यात बेहाला भागात राहणाऱ्या एका दिग्दर्शकाला बिनसंवादाचे, काळेपांढरे, छोटे विनोदी पट काढायचं खूळ आहे आणि त्यातल्या बहुतेकांची नायिका मी आहे. एरवी सॉल्ट लेकच्या एका शाळेत गणित शिकवते. तिथे मात्र कुणी हसत नाही.

माझा जन्म कोलकात्यातलाच. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नाटक व्हायचं तेव्हा समोरच्या निम्म्या पोरांना मराठी धड कळायचं नाही, म्हणून संवाद म्हणता म्हणता मी हातवारे वाढवत गेले. एका वर्षी कुणाच्या तरी ओळखीनं आलेला हा बंगाली दिग्दर्शक, एक अक्षर न कळता, हसून हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. नाटक संपल्यावर त्यानं विचारलं, "दिदी, शब्द काढूनच टाकले तर चालेल तुम्हाला?" मला आनंदानं चालणार होतं. पुढे मी त्याच्यासाठी किती वेळा घसरले, आदळले, बादलीत पाय अडकवून घेतला, विचारू नका. पण खरी कमाई माझ्या डाव्या भुवईची. ती एकटीच वर जायची आणि प्रेक्षक हसून लोळायचे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चूळ भरली ती सगळी अंगावर सांडली. आरशात पाहिलं तर डावा गाल लोंबत होता आणि डोळा मिटत नव्हता. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे; बहुधा हळूहळू सुधारेल, पण किती ते सांगता येत नाही. आई आधी देवासमोरून उठेचना. मग एके दिवशी माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "जन्मभर तोंडं वेडीवाकडी केलीस, आता जरा दम घे म्हणतोय तो." मी हसले, तेही निम्मंच. मग बाथरूमचं दार लावून रडले. शाळेची चिंता नव्हती, गणिताला भुवई लागत नाही. पण नटी म्हणून आपण संपलो, याची माझी खात्री झाली होती आणि त्याचं मला फार दुःख होत होतं.

काही महिन्यांनी दिग्दर्शकाचा फोन आला. नवा पट होता, छत्री न उघडणाऱ्या बाईचा. आमचा एक नियम आहे. कुठलाही प्रसंग कॅमेऱ्यासमोर नेण्याआधी दिग्दर्शकाच्या गल्लीतल्या चहाच्या दुकानात करून बघायचा. बाकांवरच्यांना काही सांगायचं नाही. हसले तर ठेवायचा, नाही हसले तर फेकून द्यायचा. त्या दिवशी मी पोचले तर हा म्हणतो, "आज थाक, दिदी. दुकान राहू दे. आपण थेट शूटिंगच करू." माझं डोकं सणकलं. "कीव करायला मला घरी माणसं आहेत," असं म्हणून मी छत्री घेतली आणि दुकानात शिरले.

छत्रीशी झटापट केली. भुवई उचलायला गेले, ती जागची हलली नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांना माझं दुखणं ठाऊक होतं. एकानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, दुसरा स्वतःच्या चपलांकडे बघू लागला. कुणी हसलं नाही. मी छत्री खाली ठेवली आणि बाकाच्या टोकाला बसले.

दुकानदारानं न मागता चहाचा मातीचा कुल्हड पुढे केला. घोट घेतला, तो डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला. त्यानं पटकन नजर वळवली आणि त्या नजर वळवण्याचाच मला राग आला. मी कुल्हड उंच धरला आणि बुडाला डोळा लावून भोक शोधू लागले. सापडेना. पुन्हा घोट, पुन्हा धार. मग शेजाऱ्याला न विचारता त्याचा कुल्हड घेतला, माझा त्याच्या हातात दिला. तोही गळका निघाला. आता मी दुकानदाराकडे रोखून बघितलं. चेहरा अगदी ढिम्म, कारण दुसरा पर्यायच नव्हता. तो बिचारा गोंधळला, त्यानं खरोखरच कुल्हड उचलला आणि उजेडाकडे धरून भोक शोधू लागला.

आधी वर्तमानपत्र थरथरलं. मग सगळं दुकान हसायला लागलं, चपलांकडे बघणारा तर डोळे पुसत होता. कीव करणारं माणूस असं हसत नाही, इतकं मला कळतं. मी हातातला कुल्हड पुन्हा तोंडाला लावला. बराचसा चहा पदरावर गेला.

दिग्दर्शक दाराच्या चौकटीला धरून कसाबसा उभा होता. "छत्री गेली खड्ड्यात," तो म्हणाला, "उद्या सकाळी हेच घेऊ."

"उद्या कशाला? आत्ताच कॅमेरा आणा," मी म्हटलं. "रात्रीतून बरी झाले म्हणजे?"