पालकांची सही

प्रिय ईरा आणि नील,

ईरा, परवा तू फोनवर सांगितलंस की तू शिकवतेस त्या वर्गाचा मोबाइलवर ग्रुप केला आहे, आणि वर्गात तोंड न उघडणारी मुलंसुद्धा तुला तिथे मनातलं लिहितात. मी "छान" म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र मला चैन पडेना. माझ्या नोकरीतलं एक प्रकरण मी तुमच्या आईलाही कधी सांगितलं नाही. ते आता लिहून ठेवते. नील, तूही वाच. नावं कुणाचीच लिहिणार नाही. बाकी सारं मला आजही क्रमानं आठवतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बेंगळुरूत गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडत होते. मी शहराच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास एक तरुण शिक्षिका घडी केलेला कागद घेऊन आली. नववीतल्या मुलीनं तिला पाठवलेल्या ई-मेलचा तो प्रिंटआउट होता. इंग्रजीत दोनच ओळी होत्या: बाबांना सगळं कळलं आहे, गुरुवारच्या बसनं मला गावी नेऊन लग्न लावणार आहेत. मिस, तुम्ही या.

मी तारीख पाहिली. "हा मंगळवारचा आहे. तुम्ही आज येताय?"

"मॅडम, मी मेल शनिवारीच उघडते. घरी कॉम्प्युटर नाही, कॅफेत जावं लागतं."

ही इंग्रजी शिकवायची. मुलांनी आपल्याला ई-मेलनं पत्रं लिहावीत असा उपक्रम तिनं सुरू केला होता. "जे बोलवत नाही ते लिहा," असं तिनं वर्गाला सांगितलं होतं. शाळेत तिचं कौतुक झालं होतं. ही मुलगी वर्गात मान वर करत नसे, पण पत्रं सगळ्यांत लांब तिचीच.

"वडिलांना कळलं कसं?" मी विचारलं.

"कॅफेवाल्यानं सांगितलं असणार. तो सारखा मागे येऊन उभा राहतो."

मी बेपत्ता मुलीची नोंद केली आणि कॅफेवाल्याला बोलावून घेतलं. तो घाबरला, पण बोलायला तिखट होता. "मॅडम, माझी सहा मशीन. त्यातली चार कायम बंद. मी मागे उभा राहतो ते वायर हलवायला. पोरांची पत्रं वाचायला मला वेळ कुठला?" तरी मी त्याला दोन तास बसवून उलटसुलट विचारलं. तो खरं तेच सांगत होता. ते दोन तास माझ्या हिशेबी चुकीचे गेले, हे मी इथे लिहून ठेवते.

मग शिक्षिकेला जीपमध्ये घेऊन मुलीचं घर गाठलं. दाराला कुलूप. समोरच्या घरातून एक निवृत्त कारकून बाहेर आले. इथल्या जुन्या मराठी कुटुंबातले, बोलण्यात कानडी मिसळलेलं.

"या अक्का, बसा. तो गेला की गावाला. बरं झालं, मिस पण आल्या. ही वही शाळेत द्यायला ठेवून गेलाय. सही केलीय म्हणाला."

वहीत मुलीच्या आधीच्या एका ई-मेलचा प्रिंटआउट चिकटवलेला होता. विषय, माझी सुट्टी. चुकांखाली लाल रेघा. तळाशी 'पालकांची सही' असा शिक्का, आणि त्यावर निळ्या शाईत वडिलांची कानडी सही. वरचे तीन परिच्छेद आंबे, मावशी, झोपाळा असे होते. चौथ्यात लिहिलं होतं, या सुट्टीत बाबा माझं लग्न करणार आहेत. मला शिकायचं आहे. मिस, बाबांना सांगू नका. त्या ओळींखालीही लाल रेघ होती, आणि बाजूला लिहिलं होतं, 'वाक्यं नीट जोडा.'

शिक्षिकेनं त्या ओळींवरून बोट फिरवलं. "अडतीस पत्रं होती," ती म्हणाली. "मी चुका तपासत होते."

"हे त्यांनी वाचलं कसं?" मी कारकुनांना विचारलं. "त्यांना इंग्रजी येतं?"

"कुठलं हो! तो म्हणाला, अण्णा, शाळेचा कागद आहे, न वाचता सही कशी करू? ओट्यावर चारजण बसले होते. मी मोठ्यानं वाचून कानडीत सांगत गेलो. इंग्रजी वाचायला मिळालं म्हणून स्वल्प ऐटीतच वाचलं बघा. ते लग्नाचं तोंडातून निघून गेलं. कुणी हसलंसुद्धा. तो नुसता 'सरी, ठीक आहे' म्हणाला आणि वही घेऊन आत गेला."

शिक्षिका पायरीवरच बसली. "पालक न वाचता सह्या करतात म्हणून मी वर्गात रागावत असे."

कारकुनांना गावाचं नाव ठाऊक होतं. आनेकलच्या पुढे. आम्ही पोचलो तेव्हा मांडवात अक्षता विखुरलेल्या होत्या आणि पंगत उठत होती. लग्न लागून तास झाला होता. मुलगी पाटावर बसली होती, हात हळदीचे. तिनं माझ्या वर्दीकडे पाहिलंच नाही.

"मिस, मेल मिळाला?"

"आज मिळाला."

तिनं मान हलवली. हजेरीला हलवावी तशी.

वडिलांचा जबाब मी स्वतः घेतला. "मी काही चोरून केलं नाही," ते म्हणाले. "लग्न मे महिन्यात व्हायचं होतं. शाळेनंच कागद पाठवला, मी वाचून घेतला. चार लोकांत मान खाली गेली, मग थांबायचं कशाला?" त्यांच्यावर बालविवाहाचा गुन्हा दाखल झाला, पुढे किरकोळ शिक्षाही झाली. त्या काळच्या कायद्यात लग्न मात्र तसंच राहिलं. मुलगी शाळेत परतली नाही.

परतताना जीपमध्ये शिक्षिकेनं विचारलं, "माझ्यावर कोणतं कलम?"

"कोणतंच नाही," मी म्हटलं. तिला शिक्षा झाली असती तर तिला ती सोपी गेली असती. जूनमध्ये तिनं नोकरी सोडली.

ईरा, त्या शिक्षिकेइतकी तळमळीची माणसं मी थोडीच पाहिली. साधन नवं होतं, आणि ती त्याला जुन्या सवयीनं वापरत होती: तपासा, चिकटवा, सही आणा. मूल एकाच माणसाला लिहीत असतं. ते पुढे कुणाकुणापर्यंत जाईल, हे त्याला कळत नाही. ते तुला कळलं पाहिजे. म्हणून मुलांना आधीच सांग, इथलं कोण कोण वाचू शकतं. शाळेला माहीत असलेल्या खात्यावरूनच बोल, स्वतःच्या नाही. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस, कारण कधीतरी सांगावं लागतं. पण कुणाला सांगायचं ते नीट ठरव, आणि त्याच दिवशी, समोर बसून सांग. मुलांचं लिहिलेलं पुढे पाठवण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाच. आणि रोज उघडणं जमणार नसेल, तर 'मनातलं लिहा' असं म्हणूच नकोस.

खटला संपल्यावर, मुद्देमाल म्हणून जप्त केलेली ती वही परत द्यायला मी त्या मुलीकडे गेले. तेव्हा ती आनेकलला शिवणकाम करत होती. तिनं वही उघडली नाही. "तुम्हीच ठेवा, अक्का," म्हणाली.

ती वही माझ्या कपाटात आहे. लाल शाई फिकी झाली आहे. सही अजून स्पष्ट दिसते.

तुमची आजी