लाखेचा थर आणि सेव्हियाचा ठोका

इंद्रकुमार बोपचे सौंदडच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. वय त्रेचाळीस. बावीस वर्षं तो क्लासिकल गिटार वाजवतो. डावा पाय लहान स्टुलावर, पाठ ताठ, उजव्या हाताची बोटं तळव्याकडे वळत तार छेडणारी. नागपुरात शिकताना लागलेली ही सवय इतकी मुरली होती, की बोटं उलट्या दिशेनेही कामाला लावता येतात हे त्याला कधी सुचलंच नाही.

गेल्या पावसाळ्यात तो मोबाइलवर स्पेनमधल्या सेव्हिया शहरातल्या एका गिटारवादिकेचे फ्लामेंकोचे, म्हणजे तिथल्या लोकसंगीताचे, धडे पाहू लागला. तिथे बोटं मुठीतून एकामागोमाग बाहेर फेकायची आणि नखांच्या पाठीने तारा झोडायच्या. याला रास्गेआदो म्हणतात. पहिल्या दिवशी त्याची करंगळी हललीच नाही. कॅरमचा स्ट्रायकर मारताना बोट असंच सुटतं, हे तिसऱ्या आठवड्यात त्याच्या ध्यानात आलं. मग शिक्षकांच्या खोलीत तो दुपारच्या सुट्टीत आळीपाळीने चारही बोटांनी कॅरम खेळला आणि रोज हरला.

खरी अडचण पुढच्या धड्यात आली. त्याचं नाव गोल्पे. वाजवता वाजवता अनामिकेने गिटारच्या अंगावर ठोका द्यायचा. फ्लामेंकोच्या गिटारवर तिथे प्लास्टिकची पातळ पट्टी चिकटवलेली असते, याच्या गिटारवर नव्हती. चार दिवसांत मऊ लाकडाच्या पॉलिशवर नखाचे सात ओरखडे उठले.

गिटार एकच होती, कोलकात्याच्या कारागिराने हाताने घडवलेली. येत्या फेब्रुवारीत नागपूरच्या एका छोट्या मैफलीत त्याला वीस मिनिटं मिळणार होती, बावीस वर्षांत पहिल्यांदाच. शेवटी एक फ्लामेंको वाजवीन, असं तो आयोजकांना सांगून बसला होता.

त्याने घरातलाच उपाय केला. या भागात विळ्याची मूठ सैल झाली की लाख तापवून बसवतात. फुलवंताबाई जंगलाकडच्या गावात पळसाच्या झाडांवर लाखेचं पीक घेतात. त्यांच्याकडून आणलेला खडा त्याने गॅसवर मऊ केला, गिटारवर फासला आणि वर एक्स-रेची फिल्म कापून दाबली. फिल्म बायकोच्या मनगटाची होती. रेणू दोन वर्षांपूर्वी बांधावरून घसरली होती.

"काजी, माया हाडाइवर ठोकून राहिले काय तुमी?"

"जुनी हाय ना वो. आता हात बरा झाला तुया."

"म्हून का गिटारले लावाचा? पाव्हने आले तं काय सांगू? हा माया हात हाय म्हून?"

ठोका आता छान वाजत होता, बाकी काहीच वाजत नव्हतं. त्याने शाळेचं स्टॉपवॉच आणलं. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की पूर्वी नाद अकरा सेकंद टिकायचा. आता साडेपाच. लाखेचा थर जाड बसला होता आणि खालचं लाकूड कंप पावत नव्हतं. डिसेंबर संपत आला होता.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे प्रयोगशाळा सहायकाला कोणी सांगावं लागत नाही. त्याने कापसाचा बोळा भिजवून कडेने फिरवला. अर्ध्या तासात फिल्म सुटली. थर पुसून काढला तरी बोळा तांबूसच येत राहिला, आणि जिथे तो फिरला तिथली गिटारची चमकही निघाली. तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं.

त्याने कोलकात्याला फोन लावला. कारागीर ऐकता ऐकता हसायला लागला.

"अरे बोपचेजी, पॉलिश भी लाख ही है! आपने लाख पे लाख लगाई, फिर दोनों धो डालीं."

"अब?"

"अब क्या, फिर लगाओ. धुली हुई लाख स्पिरिट में घोलो, कपड़े से छानो, गद्दी से पतला-पतला फेरो. और ऊपर कुछ चिपकाना मत. खरोंच आए तो फिर गद्दी फेर देना."

"मगर ठोकूँगा तो खरोंच आएगी ही."

"तो इतना ज़ोर से क्यों ठोकते हो? दरवाज़ा है क्या?"

फुलवंताबाईंकडे तो पुन्हा गेला. काड्यांवरून खरवडलेली लाख त्यांनी धुऊन दिली.

"मास्तर, किती विळे हायेत तुमच्या घरी?"

"विळे नाई बाई, बाजा हाय. त्याले लावाची हाय."

"बाजाले? मंग वाजते कायले, चिकटून जाईन ना!"

जानेवारीभर शाळेतून आल्यावर तो कापडाच्या गद्दीने त्या लाखेचे एक-दोन हात द्यायचा आणि सुकू द्यायचा. तिसाव्या हातानंतर तो तुकडा बाकी अंगापेक्षा लालसर दिसत होता. स्टॉपवॉचने अकरा सेकंद दाखवले. त्याने तीन वेळा मोजून खात्री केली.

मग त्याने धडा पुन्हा पाहिला, अगदी संथ गतीने. सेव्हियाची बाई ठोकत नव्हतीच. तार छेडून झाली की ती अनामिका नुसती खाली पडू देत होती आणि लगेच उचलत होती. नखाच्या आधी बोटाचं मांस टेकत होतं. हे त्याने आधी चाळीसदा पाहिलं होतं. पहिल्या दिवशी उघड्या पॉलिशवर पाच ओरखडे उठले, आठवड्याने दोन. जोर वाढला की पॉलिश तिथल्या तिथे दाखवून द्यायचं. चिकटवलेल्या पट्टीवर हे त्याला कधीच दिसलं नसतं.

नागपूरला तो वीस मिनिटं वाजवून आला. क्लासिकलचे दोन तुकडे ठरल्यासारखे गेले. फ्लामेंको थोडा घाईत गेला, टाळ्या बऱ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गिटार खिडकीशी तिरपी धरली. दोन नवे ओरखडे होते. एक कुठे उठला ते त्याला आठवत होतं. दुसरा कोणत्या ठोक्याचा, हे शोधायला त्याने तो तुकडा पहिल्यापासून वाजवायला घेतला.