वाचून सही केली

ही गोष्ट माह्या बायकोलेही ठाऊक नव्हती — आन् ती तं माह्या खिशातल्या विड्याही ओळखून होती. ती गेली. आता तुम्हाले सांगतो. पहिल्यांदाच.

बोरी अरबच्या अलीकडं आमचं गाव. गावात तेव्हा सही करणारे मोजके, त्यातला मी एक. शाळा दुसरीतच सुटलेली, पण सही अशी झोकदार, की शेपटी थेट कागदाच्या काठापर्यंत जाय. लोक म्हणत, महादेवभाऊ शिकेल माणूस, शाळा शिकलेला. म्या कधी नाही म्हटलं नाही. काहून म्हणावं? — पण खरं सांगू? मले सही येत होती. वाचता येत नव्हतं.

हे इथंच थांबलं असतं तर —

अठ्ठावन्न-एकोणसाठ साल असंल. पाटलाचा पाणी भरायचा पितळी गुंड चोरीले गेला. पोलीस जमादार थेट बंजाऱ्यांच्या तांड्यावर, रुपलाच्या घरी. चोरी झाली की तांड्याची झडती, ही रीतच होती. रुपलाचं वावर माह्या वावराले लागून. माणूस किती सरळ, ते मले ठाऊक होतं. झडतीले दोन पंच लागत. जमादार म्हणे, एक तरी सहीवाला पाहिजे. मी फेटा नीट बांधून गेलो. मान वाटला ना!

झडती आत चालली. मी बाहेर लिंबाखाली सुपारी कातरत बसलो. थोड्या वेळानं जमादार गुंड घेऊन बाहेर आला. तो घरात सापडला, की घरात नेला? म्या पाह्यलं नाही. पंचनामा समोर आला. बारीक, गिचमिड अक्षर. त्यावरून बोट फिरवलं, वाचल्यासारखी मान हलवली — आन् शेपटीवाली सही ठोकली. दुसऱ्या पंचानं अंगठा दिला.

दारव्ह्याच्या कोर्टात वकिलानं विचारलं, डोळ्यानं पाह्यलं? वाचून सही केली? मागं सारं गाव बसलेलं. म्हणलो, "पाह्यलं. वाचूनच केली."

पिंजऱ्यातून रुपला बोलला, "महादेवभाऊ शिकेल माणूस, सायेब. तो खोटं कायले लिवंल? पण गुंड माह्या घरात कसा आला, ते मले समजून नाही राह्यलं."

वर्षाची सजा झाली.

तो आत असतानाच शाळेच्या गुरुजींनी तालुक्यातून अमेरिकेच्या राज्यकारभाराचं पुस्तक आणलं. चावडीत वाचून दाखवत. तिथं कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे; एकाच्याच हाती सारी लाठी नाही. कोणी तरी म्हणलं, "म्हणजे पाटील आन् जमादार एका ताटात जेवत नाहीत तं!" सारे हसले. पुढं गुरुजी म्हणले, तिथं न्यायाधीशाच्या कागदाबिगर पोलिसाले कोणाच्या घरात घुसता येत नाही; त्यायच्या घटनेतच लिवलंय. मी ऐटीत बोललो, "आपल्याकडं कुठं आहे असं?"

"आहे ना, महादेवभाऊ. झडतीले पंच कायले उभे करतात? पोलिसानं एकट्यानं काही करू नये म्हणून. पंच म्हणजे त्या घरवाल्याचा आडोसा."

आडोसा. म्हणजे रुपलाच्या घराचा कायदा त्या दिवशी मी होतो. आन् मी सुपारी कातरत होतो.

तेव्हाही दारव्ह्याले जाता आलं असतं. त्याची बायको दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होती, रोज दिसे. 'म्या पाह्यलं नाही, मले वाचता येत नाही' — एवढंच तं सांगायचं होतं! पण गाव हसलं असतं. गाव हसू नये म्हणून म्या एका माणसाले आत राहू दिलं. यापेक्षा साधं मले सांगता येत नाही.

सुटून आल्यावर रुपला माह्याच दारी आला. राम राम केला. धोतराच्या सोग्यातून पंचनाम्याची नक्कल काढली. "भाऊ, एवढं वाचून दाखव. कोन्या कोपऱ्यात सापडला म्हणतात गुंड? वर्षभर तोच इचार करून राह्यलो."

मी म्हणलो, चष्मा दारव्ह्याले राह्यला. चष्मा माह्यापाशी कधीच नव्हता.

त्यानं कागदाची घडी घातली, जपून. "बरं भाऊ. मंग कधी." त्याच हंगामात तो बायको-पोरं घेऊन फुलसावंगीकडं निघून गेला. तिकडंच वारला म्हणतात.

म्हातारपणी हट्टानं वाचायले शिकलो, नातीच्या पुस्तकावरून. हे माह्याच हातानं लिवलं. आता कोणतंही अक्षर अडत नाही. तो कागद तेवढा वाचायचा राह्यला. त्याच्या खाली सही माहीच आहे.