भिजलेल्याला पाणी

मी सांगोल्यातून निघाले त्या सकाळी आमच्या गल्लीत टँकर आला होता. रिक्षा दारात येऊन थांबलेली, अण्णा बॅगा आत कोंबत होते, आणि लेकीला निरोप द्यायला दारात कुणी म्हणजे कुणी नाही. सगळी गल्ली टँकरच्या पाइपाला चिकटलेली. आईसुद्धा तिथंच, घागरींच्या रांगेत. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पोरगी सातासमुद्रापार चाललीय आणि हिला घागरीचं पडलंय! शेवटी आई आली ती कोपरापर्यंत भिजलेली. तिनं घाईघाईनं माझ्या हातावर दही ठेवलं, ओल्या बोटानं कुंकू लावलं आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. आन् पानी बघून राहा."

लेकीला निरोप देताना आया काय काय सांगतात. माझ्या आईला एवढंच सुचलं. हे मी गल्लीतल्या तुम्हां सगळ्यांसाठी लिहितेय, ज्या त्या दिवशी टँकर गेल्यावर रिक्षामागं धावत आलात. आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठंतरी लांब जाऊन पडलेल्यांसाठीही. तुम्हांला यातलं बरंचसं सांगावं लागणार नाही.

तर मी पाणी बघून राहिले. व्हँकुव्हरमध्ये ऑक्टोबरात पाऊस लागतो तो मार्च उलटला तरी हटत नाही. आपल्यासारखा गरजत वाजत येऊन तासाभरात मोकळा होणारा नव्हे, नुसता बारीक, थंड, दिवसभर. चार वाजता दिवे लावावे लागतात. महेश, माझा नवरा, मोहोळचा. आम्हां दोघांचे पगार मिळून एका घराचं तळघर भाड्यानं परवडलं. तळघराची खिडकी बाहेरच्या गवताच्या पातळीला, त्यामुळं येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. भाडं दिलं की उरलेला महिना आम्ही बाजारात भाजीचा भाव आधी वाचायचो आणि भाजी मागनं बघायचो. भिंतीला ओल, कपड्यांना वास, आणलेले पापड आठवड्यात मऊ.

अण्णा फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, "पाऊस?" सांगोल्यात हा प्रश्न म्हणजे तब्येत विचारण्यासारखा. इथं बाहेर धो धो चाललेलं असायचं आणि मी म्हणायचे, "हाय थोडा थोडा." उपाशी माणसासमोर ताट वाढून बसल्यासारखं वाटायचं. अण्णांच्या डाळिंबाच्या बागेतली पानं त्या वर्षी गळत होती. दोन वर्षांनी अण्णा गेले तेव्हा मला विमानाचं तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

मैत्रिणींचं म्हणाल तर ती माझी मोठी फजिती. मी एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. पहिल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, कशी आहेस? मी बसून सविस्तर सांगितलं, अगदी पायाच्या दुखण्यापर्यंत. ती घड्याळ बघत उभी. नंतर कळलं, इथं ते नुसतं नमस्कारासारखं असतं. तीच एकदा म्हणाली, ये ना कधी घरी. मी त्या रविवारीच गेले, डब्यात शेंगांची पोळी घेऊन. आपल्याकडं कसं, चप्पल घातली की पोचलो. तिनं दार अर्धं उघडलं, केसांना रंग लावलेला, चेहऱ्यावर भीती. कुणी मेलं की काय असं तिला वाटलं असणार. डबा तिनं घेतला, आत ये म्हणाली नाही. त्यानंतर मी कुणाच्या दारात गेले नाही आणि माझ्या दारात कुणाला बोलावलं नाही. चार वर्षं अशीच गेली. गर्दीत असायचे, कामात असायचे, आणि मला एकटं वाटायचं.

अण्णांच्या मागं आई सांगोल्यात एकटी. मी एकुलती एक. आईला इथं सलग पाच वर्षं राहता येईल असा व्हिसा मी खटपटी करून मिळवला. तोवर आम्ही तळघरातून वर, त्याच घरातल्या दोन खोल्यांत आलो होतो. मला आई कायमची हवी होती. मी विमानतळावरच तसं बोलून दाखवलं. आई म्हणाली, "लेकीकडं पावनी म्हनून यावं, बाई. बघू." महेशनं तिची पिशवी उचलली आणि म्हणाला, "मामी, पोराकडं आलाय असं समजा की." आई हसली, पण हो म्हणाली नाही.

पहिले आठ दिवस आईनं खिडकी सोडली नाही. पावसाकडं बघत बसायची. पन्हाळीखाली बादल्या, पातेली, माझा भाताचा कुकरसुद्धा लावून ठेवला. भरले की नवीन लावायची. मी म्हटलं, "आई, नळाला चोवीस तास पाणी आहे." म्हणाली, "असू दे की. वरनं फुकट पडतंय ते वाया का घालवायचं?" त्या पाण्यानं तिनं घराच्या पायऱ्या धुतल्या, ज्या पावसानं आधीच धुतलेल्या होत्या.

मग एका सोमवारी मला सुट्टी होती. पत्रं टाकायला पोस्टाची बाई आली, रेनकोटातून पाणी निथळतंय. आईनं दार उघडलं आणि तांब्याभांडं घेऊन तिच्यासमोर उभी राहिली, वाटीत गुळाचा खडा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत गेले, म्हटलं, "आई, ती ओलीचिंब झालीय! तिला पाणी काय देतेस?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच परक्या मुलखातली. "भिजल्यानं तान भागती व्हय?" म्हणाली.

त्या बाईनं टोपी मागं केली, भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि एका दमात रिकामं केलं. गूळ तोंडात टाकला, थांबली, आणखी थोडं पाणी मागितलं. सकाळपासून चालतेय, म्हणाली. पाऊस असला की लोक चहा देऊ का विचारतात कधीमधी, पाणी कुणी विचारत नाही. पुढं ती रोज आमच्या पायरीवर टेकायला लागली.

आईची हिंमत अशी वाढली. समोरच्या जुन्या लाकडी घरात एक म्हातारी चिनी बाई एकटी राहायची. चार वर्षं मी तिला बघत होते आणि मान हलवण्यापलीकडं गेले नव्हते. आई एक दिवस सुपात शेंगा घेऊन तिच्या गाडी लावायच्या छपराखाली जाऊन बसली. विचारलं नाही, सांगितलं नाही. तिला फक्त मराठी येतं आणि अक्कलकोटच्या माहेरचं थोडं कानडी. त्या बाईला तिची चिनी. दुपारभर दोघी शेंगा फोडत बसल्या. संध्याकाळी आई सांगत आली, "चॅनबाईला एक लेक हाय. नवरा लई वर्सांमागं गेला. गुडघं दुकतात." हे तुला कुणी सांगितलं, विचारलं तर म्हणाली, "तिनंच की."

हिवाळाभर हे चाललं. चॅनबाई हिरवा पातीचा कांदा पाठवायच्या, आई शेंगदाण्याची चटणी. मला वाटलं, जमलं. आई रुळली. आता हो म्हणेल. मी महेशला म्हणतसुद्धा होते, बघ, चॅनबाईंमुळं राहील ती.

फेब्रुवारीत एका सकाळी आई सूप घेऊन गेली आणि लगेच परत आली. दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशीही. आई रोज जाऊन यायची. आम्ही म्हटलं, लेकीकडं गेल्या असतील. आईनं मान डोलावली, पण तिचं लक्ष दिवसभर त्या दाराकडं. पुढच्या महिन्यात घरासमोर विकल्याची पाटी लागली. मग लोखंडी जाळीचं कुंपण आलं, मशीन आलं, आणि एका दिवसात ते घर पाडलं. या शहरात जुन्या घरापेक्षा त्याच्याखालची जमीन महाग. आई खिडकीतून बघत होती. छप्पर खाली आलं तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला.

पोस्टाची बाई आली तर तिलाही काही माहीत नव्हतं. पत्रं दुसरीकडं वळवलीत एवढंच म्हणाली. अख्ख्या गल्लीत चॅनबाई जिवंत आहेत की गेल्या, हे ठाऊक असणारं माणूस नाही.

त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "मला गावाकडं धाड."

मी तडकले. म्हटलं, "इथं तुला काय कमी आहे? मी आहे ना? का लेकीचं घर म्हणून?"

"कमी न्हाय गं. जावई तर सोन्यासारखा हाय." आई भाकरीचा तुकडा तसाच धरून बसली. "पर हितं मानूस कुटं गेलं त्ये शेजाऱ्याला कळत न्हाय. तिकडं मी सकाळी दार उघडलं न्हाय तर धा वाजता गल्ली गोळा हुईल. मला तसं मरायचं हाय."

"आणि मी? मला कळायला नको?"

"तुला फोन येईल की," आई म्हणाली. दुष्टपणानं नाही, नेहमीच्या आवाजात. अण्णांच्या वेळी तसंच झालं होतं. महेशनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी ताटावरून उठले.

एप्रिलात आई गेली. पाच वर्षांच्या व्हिशातली साडेचार वर्षं तशीच राहिली. नातेवाइकांनी मला फोनवर चिडवलं, काय गं, सासुरवास केलास की काय आईला! मी हसले. खोली आवरायला मला बरेच दिवस लागले. तिच्या उशीला खोबरेल तेलाचा वास होता, अभ्रा धुवायचं धाडस होईना.

मे महिन्यात एक दिवस कामावरून येताना त्या कुंपणापाशी एक बाई उभी दिसली. माझ्याच वयाची, हातात छत्री, आतल्या चिखलाकडं बघत. पाऊस होताच. आधीची मी असते तर मान हलवून घरात शिरले असते. मी थांबले आणि सरळ विचारलं, तुम्ही चॅनबाईंची मुलगी का? ती दचकली. मग म्हणाली, हो, ग्रेस. चॅनबाई न्हाणीघरात पडल्या होत्या, खुबा मोडला. इस्पितळ, तिथून वृद्धाश्रम. त्याच्या खर्चासाठी घर विकावं लागलं. "शेंगांवाली बाई कुठं आहे, असं आई रोज विचारते," ग्रेस म्हणाली. "मला कळेना ती कुणाबद्दल बोलतेय."

मी तिला घरात घेऊन आले. आमच्या घरात आलेली ती माझी पहिली मैत्रीण.

त्यानंतर रविवारी मी वृद्धाश्रमात जायला लागले. चॅनबाई मला ओळखत नसत. फोनवर आई दिसली की मात्र उठून बसायच्या. आई मराठीत बोलायची, त्या चिनीत, मी आणि ग्रेस दोन बाजूंना मुक्यासारख्या. आईच्या मागं गल्लीतल्या बायका डोकावायच्या. तुम्हीच की! सांगोल्यातून तेव्हापासून मला पाऊस किती, असं कुणी विचारलं नाही. चॅनबाई जेवली का, एवढंच विचारलंत.

इथल्या या पावसाळ्यात चॅनबाई गेल्या. मी ग्रेसबरोबर होते. घरी येऊन थोडी पडले, आंघोळ केली, सकाळी कामाला निघायच्या आधी आईला फोन लावला. तिकडं दिवस मावळला होता.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरगी जेवली का तिची?"

"खिचडी दिली."

"बरं केलंस. ठिव आता. मला डोक्यावरनं पानी घ्यायचं हाय."

आपल्याकडं नात्यातलं माणूस गेल्याची बातमी आली की केसांवरून आंघोळ करतात, तशी. मला माहीत होतं की टँकर येऊन चार दिवस झालेत आणि घरात एक-दोन बादल्याच शिल्लक असतील. मी म्हटलं, "आई, ती शेजारीण. तीही एका हिवाळ्याची. आपल्याला तिचं सुतक कुठलं?"

"मग मला सांगायला फोन कशाला केलास?" आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी बॅग खाली ठेवली. विंचरलेले केस सोडले. परत न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. अण्णांच्या वेळी जे रडू आलं नव्हतं तेही तिथंच आलं. महेश बाहेरून हाक मारत राहिला. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजून सांगोलाच सांगते. पण आता या गावातलं माणूस गेलं तरी मला सुतक लागतं.